रक्त कोणत्या दिवशी द्यायचं?

“लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरांनी उपचार सुरू करण्याआधी रक्त तपासायला सांगितलं. एएमएच कमी आलं. घरात सगळे म्हणतात, दोष हिच्यातच.” एका वाचक भगिनीचं हे पत्र. खाली ताजा कलम घालून लिहिलंय, “यांची तपासणी अजून व्हायची आहे.”

मैत्रिणींनो, माझ्या मते पत्रातली महत्त्वाची ओळ तीच. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही कारण सापडतं. आणि त्यांची पहिली तपासणी किती सोपी! सुई नाही, टोचणं नाही. दोन ते सात दिवसांचा संयम आणि वीर्याचा नमुना, झालं. तरी बाईचे सगळे रिपोर्ट येऊन पडेपर्यंत यजमानांना सवड होत नाही. तेव्हा दोघांच्या चिठ्ठ्या एकाच दिवशी लिहून घ्याव्यात.

आता आपल्या रक्ताविषयी. यात सगळी गंमत दिवसाची आहे. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिऑल यांच्यासाठी बहुधा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त घेतात. नीट अंगावर जायला लागलं तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला तर तो धरायचा नाही. एफएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीने बीजकोशाला मारलेली हाक. बीजकोश थकला की हाक मोठी होते, आकडा वाढतो. पण त्या दिवशी इस्ट्राडिऑल जास्त असलं तर ते हाक दाबून टाकतं आणि एफएसएच उगाचच चांगलं दिसतं. म्हणून दोन्ही एकदमच बघायचे असतात.

प्रोजेस्टेरॉन ‘एकविसाव्या दिवशी’ असं सर्रास लिहिलेलं असतं. ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं गणित. पाळी पस्तीस दिवसांनी येत असेल, तर अठ्ठाविसावा दिवस धरावा लागतो. म्हणजे पुढची पाळी यायच्या सुमारे सात दिवस आधी. चुकीच्या दिवशी रक्त दिलं, तर बीज सुटत असूनही ‘सुटत नाही’ असा शिक्का बसायचा! म्हणून आपल्या तारखा डॉक्टरांना आधी सांगाव्यात. दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर घरात असतंच, त्याच्यावर खूण करायला काय लागतं?

प्रोलॅक्टिन तर फारच हळवं. झोपेत वाढतं, घाबरलं की वाढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून रक्त द्यावं. पित्तावर आपण ज्या गोळ्या घेतो, त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत डॉमपेरिडोन असतं. त्यानेही ते वाढतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर थायरॉइडसकट बऱ्याच तपासण्यांचे आकडे बिघडू शकतात. कोणती गोळी किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टरांनाच विचारा.

राहिलं एएमएच. ते कोणत्याही दिवशी चालतं. बीजं साधारण किती शिल्लक आहेत याचा त्यावरून अंदाज येतो, ती कशी आहेत हे कळत नाही. इंजेक्शनांना बीजकोश कितपत साथ देईल हे ठरवायला डॉक्टरांना ते उपयोगी पडतं. पण 2017 साली अमेरिकेत तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना आपसूक दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. पत्रलेखिकेने हे घरात जरूर वाचून दाखवावं. मात्र वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिने वाट पाहून झाल्यावर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये. बीजं साठवून ठेवता येतात ती गोष्ट वेगळी, पण वय कुणासाठी थांबत नाही.

आणखी एक. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. एएमएच एका मापात 2 आलं, तर दुसऱ्या मापात तेच 14 च्या आसपास दिसतं. आकड्यापुढे बारीक अक्षरांत माप छापलेलं असतं, ते आधी वाचा. आणि पुन्हा तपासायची वेळ आली, तर शक्यतो त्याच लॅबमध्ये जा.