विसरलेल्या गावाची आठवण

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण संविधानाची उद्देशिका एका सुरात वाचतो, मुंबईवरील हल्ल्यात गेलेल्यांना अभिवादन करतो आणि दिवस कलेपर्यंत रोजच्या व्यापात पुन्हा गुरफटून जातो. याच तारखेला, १९४३ साली, अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट गावी मॅरिलिन रॉबिन्सन यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पण या कादंबरीकर्तीचे स्मरण करायला याहून उचित दिवस नाही. पूर्वजांनी घेतलेल्या शपथेचे नातवंडांच्या हातून काय होते, हाच त्यांच्या लेखनातला सल आहे.

शेक्सपिअरवरचा प्रबंध लिहीत असताना त्या सुटी रूपके टिपून ठेवत. त्यांतून १९८० साली ‘हाउसकीपिंग’ ही पहिली कादंबरी उभी राहिली. दुसरी यायला २४ वर्षे लागली. दर दिवाळीला काहीतरी हातावेगळे करायची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना हा विलंब जरा ओशाळवाणेच करतो. मधल्या काळात त्यांनी ब्रिटनच्या सेलाफील्ड अणुप्रकल्पातून होणाऱ्या प्रदूषणावर तिखट पुस्तक लिहिले, आणि १९९१ पासून आयोवातील प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत अध्यापन केले. या भूमीवर गुलामगिरीविरुद्ध लढलेली माणसे तिथल्याच लोकांच्या आठवणीतून पुसली गेली आहेत, हे त्यांना तिथे उमगले.

‘गिलियड’ (२००४) हे त्या उमगण्याचे फळ. २००५ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. काळ १९५६. हृदय थकलेला ७६ वर्षांचा पाद्री जॉन एम्स आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी पत्र लिहितो आहे. लहानपणी सवंगड्यांबरोबर मांजरीच्या पिलांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा तळव्याखाली लागलेली त्यांच्या कपाळाची ऊब त्याला अजून आठवते. रक्ताळलेल्या सदऱ्यात, कमरेला पिस्तूल लावून प्रवचन करणारे, गुलामांच्या मुक्तीसाठी झुंजलेले आजोबाही आठवतात. मात्र कृष्णवर्णीयांच्या चर्चला लागलेली आग त्याच्या लेखी किरकोळ आहे. ती कुटुंबे गाव सोडून गेली, एवढेच. मग मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक परततो आणि आपल्या कृष्णवर्णीय पत्नीला व मुलाला या गावात थारा मिळेल का, हे चाचपून पाहतो. पिलांची ऊब जपणाऱ्या भल्या माणसापाशी त्याचे ठाम उत्तर नसते. माझ्या मते संपूर्ण कादंबरीचे वजन या एका प्रसंगावर आहे, कारण इथे खलनायक कोणीच नाही.

२०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी स्वतः प्रश्नकर्त्याच्या खुर्चीत बसून रॉबिन्सन यांची मुलाखत घेतली. समोरच्याबद्दल चांगले गृहीत धरण्याची तयारी नसेल तर लोकशाही टिकत नाही, असा रॉबिन्सन यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०२० मध्ये ‘जॅक’ ही कादंबरी आली, तर ऐंशी पूर्ण केल्यावर, २०२४ मध्ये, बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकावरचा ग्रंथ.

ज्यांनी रॉबिन्सन अद्याप वाचलेल्या नाहीत, त्यांनी ‘गिलियड’पासून आरंभ करावा, आणि एका बैठकीत दहा पानांपलीकडे जाऊ नये.