प्रॉडक्शनवर टेस्टिंग, समुद्रातली

मंडळी, या वीकेंडला कोडबद्दल काही नाही. इंजिनांबद्दल आहे. (मधे मधे कोड येणारच, त्याला इलाज नाही.)

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे, बाहेरच्या बाजूला टांगलेलं इंजिन. माझ्या डोक्यात त्याचं चित्र म्हणजे मनोरीच्या खाडीतली छोटी होडी, मागे खोकणारं मशीन आणि त्याचं हँडल धरून बसलेला तांडेल. दहा-पंधरा हॉर्सपॉवरचा मामला. पण जगात हे प्रकरण कुठल्या कुठे गेलंय. मर्क्युरी कंपनीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हेराडो ६०० आणलं. बारा सिलिंडर, ७.६ लिटर, ६०० हॉर्सपॉवर, वजन साधारण पावणेसहाशे किलो. बोट वळवताना अख्खं इंजिन वळतच नाही, फक्त पाण्याखालचा पंख्याचा भाग वळतो. वर दोन स्पीडचा गिअरबॉक्स. अशी तीन-चार इंजिनं एका रांगेत लावलेल्या बोटी लोक हौसेनं विकत घेतात.

आणि शर्यतीसारख्या वेगवान बोटींमध्ये आत बसवतात ती मर्क्युरी रेसिंगची क्यूसी४ मालिका घ्या. नऊ लिटर, आठ सिलिंडर, दोन टर्बो, आकडे १,३५० आणि १,५५०. तुलनेसाठी सांगतो, आपल्या रेल्वेचं जुनं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन २,६०० हॉर्सपॉवरचं होतं. म्हणजे असली दोन मशीनं बसवलेली बोट मेल गाडी ओढणाऱ्या इंजिनाच्या पुढे गेली, आणि त्या बोटीत माणसं किती, तर चार-सहा.

भन्नाट आहे की नाही? मला यंत्रांची आवड आहे, त्यामुळे मी नाक मुरडणार नाही. पण बोटीत नवं दमदार इंजिन म्हटलं की मुंबईत राहणाऱ्या माणसाला आता एक तारीख आठवायला हवी. १८ डिसेंबर २०२४.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची एक स्पीडबोट येऊन आदळली. ही बोट म्हणजे आरएचआयबी, तळ कडक आणि भोवती हवा भरलेली जाड रबरी कड. एकूण १५ माणसं गेली. त्यात स्पीडबोटीवरचा नौदलाचा एक कर्मचारी होता आणि इंजिन पुरवणाऱ्या कंपनीची दोन माणसं होती. लाँचला परवानगी ८४ प्रवाशांची, बसलेले शंभरच्या वर. जेएनपीएची पायलट बोट, सीआयएसएफची गस्तीची बोट, नौदल, तटरक्षक दल, पोलीस सगळे धावले म्हणून आकडा तिथे थांबला. एका प्रवाशानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ती बोट लांबून येते, वळते आणि मग सरळ अंगावर येते.

नौदलानं त्याच दिवशी सांगितलं की बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, इंजिनात बिघाड झाला आणि ताबा सुटला.

इथे मी अडकलो. 'बिघाड झाला' यात आश्चर्य काय? बिघाड होतो का ते बघायलाच तर चाचणी असते! चाचणीत इंजिन बिघडलं तर चाचणी यशस्वी झाली असं मी म्हणेन. फक्त ती बिघडण्याच्या जागी व्हायला हवी होती. आपल्या धंद्यात याला प्रॉडक्शनवर टेस्टिंग म्हणतात. कोणी केली तर सोमवारी सकाळी मीटिंग लागते. आपल्याकडे तरी जास्तीत जास्त काय होतं, कोणाचं तरी पेमेंट अडकतं.

आता थोडं यंत्राकडे. रस्त्यावर गाडीचा ॲक्सिलरेटर अडकला तर ब्रेक असतो, हँडब्रेक असतो, अगदीच काही नाही तर डिव्हायडर असतो. बोटीला ब्रेक नसतोच. थ्रॉटल मागे घेतला की पाणीच तिला थांबवतं, आणि वेगानं पाण्यावर उचललेली हलकी बोट तशी लवकर बसतेही. पण थ्रॉटल मागे आलाच नाही तर? दुसरी गंमत अशी की आउटबोर्ड किंवा वॉटरजेटची बोट वळते ती पंख्याच्या किंवा पाण्याच्या झोताच्या जोरावर. जोर काढून घेतला की वेग जातो, आणि वळण्याची ताकदही जाते. म्हणजे समोर अडथळा दिसल्यावर 'थांबू की वळवू' हा प्रश्न गाडीपेक्षा बोटीत जास्त अवघड. ४० नॉटचा वेग म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. २०० मीटरचं अंतर दहा सेकंदांच्या आत संपतं. तेवढ्यात लाँचच्या सारंगानं काय करायचं? लाकडी लाँच ती, सुकाणू फिरवल्यावर तिनं मनावर घेईपर्यंतच दहा सेकंद जातात.

त्यात हॉर्सपॉवर वाढवली की चुकायची मुभा कमी होते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट, हे आपण नववी-दहावीत शिकलोय. आणि नव्या मोठ्या इंजिनांत थ्रॉटलची केबलही नसते. लिव्हर एक सिग्नल पाठवतो, कंट्रोलर तो वाचतो आणि इंजिनाला सांगतो. म्हणजे मधे सॉफ्टवेअर आहे. आपणच लिहितो तसं. आता मला भीती का वाटते ते कळलं असेल :)

मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी१ पॉवरबोट शर्यती झाल्या होत्या, आठवतंय? कट्ट्यावर गर्दी, समोर पाण्यावर उडणाऱ्या बोटी, प्रत्येकीला २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. अशा शर्यतीला बोये टाकून ट्रॅक आखतात, बाकीच्या बोटींना आत शिरू देत नाहीत, बचाव पथक पाण्यात तयार असतं. चालवणारे सरावलेले, इंजिनं वापरून तावून सुलाखून निघालेली. तरीही एवढा बंदोबस्त. आणि जे इंजिन अजून तपासायचंच आहे, ते मात्र सहलीच्या लाँच, मच्छीमारांच्या बोटी आणि कंटेनर जहाजं यांच्या मधून पळवायचं? शर्यतीसाठी आपण समुद्राचा एक तुकडा रिकामा करतो, चाचणीसाठी का नाही करत? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

बरं, नौदलाला चाचणीची शिस्त माहीत नाही असं कोण म्हणेल? माझगाव डॉकमध्ये बांधलेली युद्धनौका ताब्यात घेण्याआधी आधी धक्क्याला बांधून इंजिनं चालवतात, मग बंदरातल्या चाचण्या, मग खोल समुद्रातल्या. टप्प्याटप्प्यानं, महिनोन्महिने. आपलं स्टेजिंग, यूएटी वगैरे त्यापुढे पोरखेळ. मला वाटतं, घोळ होतो तो बोट छोटी असते म्हणून. हजारो टनांची विनाशिका म्हटलं की सगळे ताठ उभे राहतात. छोटी बोट म्हटलं की 'एक चक्कर मारून येऊ'. आपल्याकडेही मोठ्या रिलीजला चेकलिस्ट असते आणि एका ओळीच्या पॅचला नसते. रात्री दोनला उठवतो तो बहुतेक वेळा तो पॅचच. (हे वाचून मान हलवणारे किती जण आहेत मला माहितीय.)

यावर एक उत्तर येणार, आणि ते अगदीच चुकीचं नाही. मुंबईला वेगवान बोटी लागतात. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी मच्छीमार नगरच्या किनाऱ्याला लागले ते रबरी डिंगीतून, मागे यामाहाचं आउटबोर्ड लावून. त्यानंतर पोलीस, तटरक्षक दल, नौदल सगळ्यांनाच जलद बोटी हव्या झाल्या आणि त्या असायलाच हव्यात. कोकणात परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडून नेतात आणि गस्तीची बोट मागे राहते, ही तक्रार सिंधुदुर्गातले मच्छीमार किती वर्षं करताहेत. म्हणजे हॉर्सपॉवर नको असं नाहीच. ज्या बोटीवर उद्या माझा जीव वाचवायची जबाबदारी आहे ती पूर्ण ताकदीनं पळवून बघितलीच पाहिजे. पण कुठे आणि कधी, एवढंच विचारतोय. गोदीच्या जवळ सोयीचं पडतं हे कारण मला पटत नाही. आपल्यालाही प्रॉडक्शनचा सर्व्हर सोयीचाच पडतो.

दुसरी एक छोटी गोष्ट, किल कॉर्ड. लाल रंगाची गुंडाळीसारखी दोरी. एक टोक चालकाच्या पायाला किंवा कमरेला, दुसरं इंजिनाच्या स्विचला. चालक फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका खाडीत ३०० हॉर्सपॉवरच्या बोटीतून अख्खं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावर आली आणि वडील आणि मुलगी गेले. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटी वेगात असताना ही दोरी किंवा तिचा बिनतारी प्रकार लावणं सक्तीचं आहे. चाचणीच्या बोटीवर तर मी याच्या पुढे जाईन. इंजिन तोडायचा वेगळा स्विच दुसऱ्या माणसाच्या हातात असावा, आणि त्यानं दुसरं काहीही करू नये. रीडिंग घेणारा वेगळा, चालवणारा वेगळा.

कॉर्नवॉलच्या त्या अपघाताचा सरकारी चौकशी अहवाल आजही कोणीही उघडून वाचू शकतो. कोणाला फासावर द्यायचं यासाठी नाही, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. आपला पोस्टमॉर्टेम डॉक्युमेंट तसाच. इथे नौदलाच्या चौकशीचे अहवाल सहसा खुले होत नाहीत. शस्त्रांची, तैनातीची माहिती झाका, कोण नको म्हणतंय? पण थ्रॉटलला काय झालं, चाचणीसाठी ती जागा कोणी ठरवली, लाँचवाल्यांना आधी कळवलं होतं का, यात देशाचं गुपित काय आहे?

हा प्रश्न फक्त गेटवेपुरता राहणार नाही. वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी, बोरिवली-गोराई इथली माणसं रोज बोटीनं जातात, स्कूटरसकट. भांडुपहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटी जातात. रस्ते जाम आहेत म्हणून जलवाहतूक, वॉटर टॅक्सी यांच्या घोषणा होतच राहणार आणि घोषणा झाली की कोणीतरी जास्त वेगाची बोट आणणार, तिला जास्त ताकदीचं इंजिन लागणार, आणि ते कुठेतरी तपासावं लागणार. खाडीत तर बंदराएवढीही जागा नाही.

अपघातानंतर लाँचवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण ते टक्कर झाल्यानंतर उपयोगी पडणारं. टक्करच होऊ नये म्हणून काय करता येईल हे बघायला फार मोठी समितीही नको. घारापुरीची लेणी दर सोमवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी त्या मार्गावर सहलीची गर्दी नसते. बाकीच्या दिवशीही लाँच साधारण सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. १८ डिसेंबरला बुधवार होता आणि वेळ होती दुपारी चारची.