चार टायर, चार आयुष्ये

समृद्धी महामार्गावर अपघात झाला की बातमीतले एक वाक्य ठरलेले असते : टायर फुटला आणि चालकाचे नियंत्रण सुटले. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा जीव गेला, तेव्हाही चालकाने हेच सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासात मात्र टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. तरी ‘सिमेंटचा रस्ता तापतो, त्यावर टायर टिकत नाहीत’ हे मत लोकांच्या मनात घट्ट बसले आहे.

मुळात भर उन्हात काळे डांबर काँक्रीटपेक्षा जास्त तापते. आणि झीज केवळ रस्त्यामुळे होत असती, तर एकाच गाडीचे चारही टायर सारखेच झिजले असते. तसे क्वचितच घडते. पुढचे दोन गोटा झालेले, मागच्यांची नक्षी शाबूत, आणि पुढच्यांतही एकाची फक्त आतली कड तासल्यासारखी, हे दृश्य कोणत्याही टायरच्या दुकानात पाहायला मिळेल.

सरळ फिरणारा टायर रस्त्यावर फारसा घासत नाही. तो झिजतो घसरताना. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाचे वजन पुढे असते, गाडी ओढणारी चाके पुढचीच, वळणारीही तीच आणि ब्रेक दाबल्यावर सगळा भारही त्यांच्यावरच येतो. म्हणून ती आधी झिजणार. पण कडेची झीज वेगळी. खड्ड्यात चाक आदळले की त्याची दिशा किंचित बिघडते. चाक एक अंशाने जरी तिरके असले, तरी गाडी सरळ चालली असताना ते दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवे घासत जाते. हजार किलोमीटरमध्ये हे घासणे १७ किलोमीटर होते. स्टिअरिंगला काही जाणवेलच असे नाही. जाणवते ते टायर बदलताना, खिशाला. नक्षीवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉकअब्सॉर्बर थकल्याची किंवा चाकांचे बॅलन्सिंग बिघडल्याची शंका घ्यावी.

सर्वात मोठा आणि सर्वात स्वस्तात टळणारा दोष हवेचा आहे. हवा जास्त असेल तर टायर मधोमध झिजतो, कमी असेल तर दोन्ही कडांना. ठीकठाक टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते. ‘उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमीच ठेवावी’ हा सल्ला विदर्भात आणि मराठवाड्यात सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते आणि पुन्हा उठते. रबराच्या या सततच्या दबण्याउठण्यातूनच टायरची मुख्य उष्णता तयार होते. शहरात चाळीसच्या वेगाने जाताना हे खपून जाते. समृद्धीवर गाडी १२० च्या वेगाने न थांबता धावते, तेव्हा टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही आणि आतले थर सुटू लागतात. वाटेत थांबून गरम टायरची हवा मोजली की आकडा चढलेला दिसतो आणि लोक हवा सोडतात. दाराजवळच्या पट्टीवर दिलेला आकडा मात्र थंड टायरसाठीचा असतो. नायट्रोजन भरल्याने यातले फार काही बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

झिजलेले रबर जाते कुठे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. नवीन टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत येईतो एकेका टायरमधून किलो-दीड किलो रबर गेलेले असते. त्यातले जाड कण रस्त्याकडेच्या मातीत आणि पावसाबरोबर नाल्यात जातात, अगदी बारीक कण हवेत तरंगतात. रबराला ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून त्यात ६-पीपीडी नावाचे रसायन घालतात. ओझोनशी संयोग झाल्यावर त्यापासून बनणारा पदार्थ अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या ओढ्यांतील कोहो सामन मासे मारतो, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. माणसावरील परिणामांचा अभ्यास अजून सुरू आहे. आपले बीएस-६ निकष धुराच्या नळकांड्याशी थांबतात. युरोपने मात्र २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत टायरच्या झिजेचाही समावेश केला. विजेवरच्या गाड्यांना धूर नाही, पण बॅटरीमुळे त्या जड असतात आणि मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. सिग्नल सुटताच गाडी पळवायची हौस असेल, तर त्यांचे टायर लवकर संपतात.

समृद्धीच्या प्रवेशद्वारावर परिवहन विभागाची पथके गोटा टायरच्या गाड्या अडवतात, ते योग्यच आहे. पण उभ्या गाडीच्या टायरची आतली कड वाकून, हात फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि पाच पीएसआय हवा कमी असलेला टायर नुसत्या नजरेला अगदी धडधाकट दिसतो.