मौन म्हणजे संमती कधी?

दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगचे काम १ जुलै २०२४ रोजी हजारो आंबेडकरी अनुयायांनी बंद पाडले. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात स्थगिती जाहीर केली. शासनाचे काय चुकले यावर भरपूर लिहून झाले. आमचा प्रश्न आपल्या घरातला आहे. स्तूपाला धोका पोहोचेल ही जनतेची भीती आराखडा कागदावर असतानाच का ऐकली गेली नाही?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली एक प्रयोग मांडला. दाखवलेल्या रेषेइतकी लांब रेष तिघींपैकी कोणती, एवढेच सांगायचे. खोलीतील बाकीचे आधीच पढवलेले. ते मुद्दाम एकच चुकीचे उत्तर देत. अशा वेळी परीक्षा ज्यांची होती त्यांची जवळपास एक तृतीयांश उत्तरे गर्दीमागे गेली. डोळ्यांना दिसत असूनही! पण गर्दीतल्या एकाने जरी खरे सांगितले, तरी हे प्रमाण एकदम घसरले. चळवळीला गरज आहे ती या एका माणसाची. आपण त्याला काय म्हणतो? फुटीर, विकला गेलेला, समाजद्रोही.

विहार समितीपासून पक्षाच्या कार्यकारिणीपर्यंत आधी अध्यक्ष बोलतात, मग टाळ्या, मग ‘सर्वानुमते मंजूर’. खरी चर्चा बाहेर चहाच्या टपरीवर होते आणि तिथूनच नवा गट निघतो. १९९८ साली एका झेंड्याखाली रिपब्लिकन पक्षाचे ४ खासदार निवडून आले. १९९९ च्या निवडणुकीत ते ऐक्य उरले नव्हते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाच्या कामकाजाचा दाखला दिला होता: ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान. विनयानुसार महत्त्वाच्या कामी ठराव मांडून तीनदा पुकारला जाई. ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा पुकारूनही कोणी बोलले नाही, तरच मौन ही संमती. आपल्याकडे ती एकदाही न विचारता गृहीत धरतात. वाद मिटत नसेल तर शलाका वाटून मत घेत, तेही गुप्तपणे घेण्याची सोय होती.

म्हणून आमची मागणी अशी: दीक्षाभूमीच्या यापुढील कोणत्याही आराखड्याचा नकाशा आधी तिथेच मराठीत लावा, हरकतींना मुदत द्या, विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवा आणि मतदान चिठ्ठीने घ्या. वस्तीतल्या विहारांत तर हे येत्या बैठकीपासून करता येईल. वंदनेला ज्या महिलांची सर्वाधिक उपस्थिती असते, त्यांच्या हातीही चिठ्ठी द्या.