फळमाशीपासून कॅन्सर वॉर्डापर्यंत: वॉर्डात न विचारला जाणारा एक प्रश्न

घरातल्या लहान मुलाला कॅन्सर झाला की सगळ्यांच्या तोंडी एकच दुआ असते, पोराचा जीव वाचू दे. बाकीचं नंतर बघू. यात चूक काहीच नाही. पण हे 'नंतर' आता खरोखर येऊ लागलंय. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या दहापैकी आठ मुलं बरी होतात. आपल्याकडे चित्र इतकं चांगलं नाही, तरी मोठ्या केंद्रांत वेळेवर पोचलेली कितीतरी मुलं बरी होऊन शाळा-कॉलेजात जातात. मग विशी-पंचविशीत रिश्त्याची बोलणी सुरू होतात, आणि वॉर्डात कुणीच न विचारलेला प्रश्न दारात येऊन उभा राहतो. याला औलाद होईल का?

अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून २०२५ च्या सुरुवातीला आलेली बातमी याच प्रश्नाची होती. लहानपणी कॅन्सर झालेल्या एका मुलाच्या अंडकोषातला छोटासा तुकडा किमोच्या आधी काढून गोठवून ठेवला होता. तो मुलगा विशीत आल्यावर डॉ. काइल ऑरविग यांच्या पथकाने त्या तुकड्यातल्या पेशी त्याच्याच शरीरात परत सोडल्या. माणसावर असा प्रयोग पहिल्यांदाच झाला. बातमी आली तेव्हा शुक्राणू मिळालेले नव्हते, हे आधीच सांगायला हवं, कारण व्हॉट्सअॅपवर अशा बातम्या 'इलाज सापडला' या मथळ्याखाली फिरतात. इलाज अजून सापडलेला नाही. पण वाट कुठून आली ते बघण्यासारखं आहे.

वयात आलेल्या पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होतात, आणि हे काम म्हातारपणापर्यंत चालू राहतं. त्यामागे असतात मूठभर मूळपेशी, ज्यांना डॉक्टर स्टेम सेल म्हणतात. ही पेशी दुभंगते तेव्हा एक भाग मूळपेशी म्हणूनच मागे राहतो आणि दुसरा पुढे शुक्राणू बनायला निघतो. विरजणासारखंच म्हणा ना. दही खाऊन टाकायचं, पण चमचाभर उद्यासाठी ठेवायचं. सगळंच खाल्लं तर उद्या दही नाही. आणि विरजणच वाढत गेलं, दही झालंच नाही, तर? या दुसऱ्या बिघाडाचं कॅन्सरशी जवळचं नातं आहे.

हे नातं उलगडणाऱ्यांत युकिको यामाशिता हे नाव महत्त्वाचं आहे. त्या जपानच्या, क्योटो विद्यापीठात शिकलेल्या, आणि आज अमेरिकेत व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये काम करतात. त्यांचा मुख्य अभ्यास फळमाशीवर आहे. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ती चिलटं, तीच. नर माशीच्या अंडकोषाच्या टोकाशी काही पेशींचा एक गुच्छ असतो, आणि त्याला चिकटून आठ-दहा मूळपेशी गोल बसलेल्या असतात. गुच्छाकडून 'तू मूळपेशीच राहा' असा रासायनिक निरोप येत असतो. जी पेशी चिकटून राहते तिला तो मिळतो. जी लांब जाते तिला मिळत नाही, म्हणून ती शुक्राणूच्या वाटेला लागते.

म्हणजे दुभंगण्याची दिशाच सगळं ठरवते. पेशी आडवी दुभंगली तर दोन्ही भाग गुच्छाला चिकटून राहतील आणि मूळपेशी वाढत जातील. ही दिशा कोण सांभाळतं? २००३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्गारेट फुलर यांच्यासोबत काम करताना यामाशितांनी दाखवलं की त्यात 'एपीसी' नावाच्या जनुकाच्या कुटुंबातल्या प्रथिनांचा हात आहे. ते बिघडलं की दिशा चुकते आणि मूळपेशींची संख्या वाढते. हे नाव कॅन्सरच्या डॉक्टरांना चांगलंच ओळखीचं आहे. माणसात हेच जनुक बिघडलं तर मोठ्या आतड्यात शेकडो गाठी येतात आणि पुढे कॅन्सर होतो. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चिलटाच्या अंडकोषातला शिस्तीचा नियम आणि माणसाच्या आतड्यातला आजार एका धाग्यात बांधलेले निघाले.

'माशांवर सरकारी पैसा कशाला?' असं विचारणारे सगळीकडे असतात. २०२५ मध्ये अमेरिकेतच एनआयएच या सरकारी संस्थेची शेकडो संशोधन अनुदानं रद्द झाली. आम्हाला वाटतं, हा प्रश्न विचारणाऱ्यांना एपीसीची गोष्ट सांगावी.

कॅन्सर आणि जननपेशींचं नातं दुसऱ्या बाजूनेही दिसतं. काही जनुकं शरीरात फक्त अंडकोषातल्या जननपेशींतच जागी असतात, बाकी सगळीकडे झोपलेली. कॅन्सरची गाठ मात्र त्यांना नको तिथे उठवते. १९९१ मध्ये ब्रुसेल्समध्ये थिएरी बून यांच्या पथकाला त्वचेच्या कॅन्सरमध्ये यातलं पहिलं जनुक सापडलं, त्याचं नाव 'मेज'. याच कुटुंबातल्या एका प्रथिनावर नेम धरणारी पेशी-उपचारपद्धती ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत एका दुर्मिळ सार्कोमासाठी मंजूर झाली. शोधापासून औषधापर्यंत तेहतीस वर्षं लागली.

आता पुन्हा मुलांकडे वळू. किमो वेगाने दुभंगणाऱ्या पेशी मारते, आणि काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड आणि बुसल्फान मोठ्या डोसमध्ये, या मूळपेशीच संपवतात. अंडकोषावर रेडिएशन दिलं तरी तेच. मोठ्या माणसाचे शुक्राणू आधी गोठवून ठेवता येतात. पण आठ वर्षांच्या पोराच्या शरीरात अजून शुक्राणूच नसतात, फक्त मूळपेशी असतात. म्हणून त्याच जपायच्या, असा विचार पुढे आला. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या राल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या मूळपेशी दुसऱ्या उंदरात सोडून शुक्राणू तयार करून दाखवले. हे गृहस्थ मुळात जनावरांचे डॉक्टर. २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या पथकाने जाहीर केलं की, वयात न आलेल्या माकडाची गोठवलेली ऊती त्याच्याच कातडीखाली लावल्यावर त्यातून मिळालेल्या शुक्राणूपासून एक पिल्लू जन्माला आलं. त्या मादी पिल्लाचं नाव ग्रेडी.

धोकाही आहे आणि तो लहान नाही. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी अंडकोषात दडून बसू शकतात. आजारी उंदराच्या अंडकोषातल्या पेशी निरोगी उंदरात सोडल्यावर कॅन्सरही सोबत गेला, हे २००१ मध्येच दिसलं होतं. मुलांत सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचाच, त्यामुळे सगळी मेहनत इथे येऊन अडते. चांगल्या पेशी वेचून वाईट बाजूला काढायच्या, आणि एकही सुटता कामा नये.

आपल्या वाचकांना यात एक वेगळा प्रश्न पडेल. हे शरियतमध्ये बसतं का? फतवा देणं आमचं काम नाही. जे नोंदलेलं आहे तेवढं सांगतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत नवरा-बायकोच्याच बीजांपासून केलेल्या टेस्ट ट्यूबला गरजेपोटी परवानगी दिली, तिसऱ्याचं बीज मात्र नाकारलं. १९९० मध्ये जेद्दाला दुसऱ्याचा अंडकोष किंवा बीजांडकोष बसवणं हराम ठरवलं, कारण तो दात्याचे आनुवंशिक गुण पुढे नेत राहतो, म्हणजे नसब मिसळतो. काही शिया उलेमांचं मत याहून वेगळं आहे. पिट्सबर्गच्या प्रयोगात मात्र पेशी त्याच मुलाच्या, परत त्याच्याच शरीरात. दाता कुणीच नाही. शुक्राणू संपले तर बाकीचे लोक डोनरकडे जातात, आपल्यातले बहुतेक जाणार नाहीत. म्हणून स्वतःचं बीज वेळेत जपणं हा प्रश्न आपल्या घरांसाठी जास्तच जवळचा आहे. मुफ्तीसाहेबांना विचारायचंच असेल तर उपचाराच्या आधी विचारावं, पंचवीस वर्षांनी नव्हे.

वॉर्डात प्रत्यक्षात काय होतं? डॉक्टरांना वेळ नसतो, आई-बाप लाजतात, मामू-चाचू म्हणतात, 'अभी ये सब मत बोलो.' मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल, दाढी-मिशा फुटू लागल्या असतील, तर शुक्राणू साठवणं आजही शक्य आहे, आपल्या शहरांतही. अट एकच, किमोचा पहिला डोस लागायच्या आधी. एक-दोन दिवसांचं काम. पण त्या पोराशी बोलणार कोण? अब्बांना जमत नसेल तर मोठ्या भावाने बोलावं, नाहीतर डॉक्टरांना सांगावं की तुम्हीच एकांतात बोला. लहान मुलांची ऊती गोठवायची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे आणि ते काम अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. तरीही 'या औषधांनी पुढे औलाद होण्यावर परिणाम होईल का, किती?' हे विचारायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक किमो सारखी नसते. कित्येक मुलं पुढे कुठल्याही मदतीशिवाय बाप होतात. उत्तर कळलं तर निदान उगाचची भीती तरी जाते.

आणखी एक गोष्ट, कॅन्सर नसलेल्या घरांसाठी. अंडकोषाचा कॅन्सर मुख्यतः तरुणांचा आजार आहे. भारतात तो कमी आढळतो आणि वेळेत कळला तर बहुतेक वेळा बरा होतो. जन्मतः अंडकोष खाली उतरलेला नसेल तर पुढे त्याचा धोका वाढतो, मूलबाळ होण्यातही अडचण येऊ शकते. शंभरात तीनेक मुलं अशी जन्मतात. त्यातल्या अनेकांचा पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतो. न उतरल्यास साधारण दीड वर्षाच्या आत छोटं ऑपरेशन करून घ्यावं, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे तर खतन्याच्या वेळी बाळ हातात असतंच. दावतीची यादी करताना डॉक्टरांना एवढंच विचारायचं, 'दोन्ही जागेवर आहेत ना?'