दंतवैद्यांची नोंदणी आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न

दात दुखू लागला की दंतवैद्याचा शोध सुरू होतो. दंतरोग होऊच नयेत यासाठी संपूर्ण वस्तीत काम करणाऱ्या तज्ज्ञाचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. शाळकरी मुलांची तपासणी, पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची समस्या, तंबाखूमुक्ती आणि मुखकर्करोगाचे वेळीच निदान हे सार्वजनिक आरोग्य दंततज्ज्ञाचे कार्यक्षेत्र आहे. अशा तज्ज्ञाला शोधणारी बहुधा एखादी व्यक्ती नसते. शाळा, ग्रामपंचायत किंवा सेवाभावी संस्था असते.

हा शोध कसा घ्यावा, हे म्हैसूरच्या उदाहरणावरून समजते. १९८६ मध्ये स्थापन झालेले जेएसएस दंत महाविद्यालय आणि फारुकिया दंत महाविद्यालय या दोन संस्था या शहरात आहेत. सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र हा विषय बीडीएसच्या अभ्यासक्रमात असून तीन वर्षांच्या एमडीएससाठी ती स्वतंत्र विशेष शाखा आहे. त्यामुळे महाविद्यालयातील या विषयाचा विभाग हे शोधाचे पहिले ठिकाण ठरते.

पुढचा टप्पा पडताळणीचा. दवाखान्याच्या पाटीवरील पदव्यांवर विसंबून चालत नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने प्रत्येक राज्यात नोंदवही ठेवण्याची व्यवस्था केली. कर्नाटकात हे काम राज्य दंत परिषदेकडे असते. तज्ज्ञाचे नाव नोंदवहीत आहे काय, नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे काय आणि एमडीएसची पदवी नेमक्या याच शाखेतील आहे काय, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

नोंदवही राज्यनिहाय असल्याने सीमाभागात विशेष दक्षता हवी. बेळगावच्या दंतवैद्याची नोंद म्हैसूरप्रमाणेच कर्नाटकाच्या परिषदेकडे सापडेल. कोल्हापूरच्या दंतवैद्याची महाराष्ट्राच्या परिषदेकडे. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात उतरल्यास ही अडचण बरीच कमी होऊ शकेल.

तथापि, नोंदणीमुळे केवळ कायदेशीर पात्रता सिद्ध होते. शिबिरात उपकरणांचे निर्जंतुकीकरण कसे होणार, मुलांच्या तपासणीपूर्वी पालकांची संमती घेतली जाणार काय, रोग आढळलेल्या मुलांवर उपचार कोठे होणार आणि पुन्हा तपासणी केव्हा होणार, याची उत्तरे निमंत्रक संस्थेने आधीच मिळवली पाहिजेत. उपचाराची सोय नसलेले शिबिर म्हणजे निव्वळ शिरगणती होय.

मूळ प्रश्न याहून व्यापक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखविकार आहेत. भारतात २०१४ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम हाती घेण्यात आला. कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी दंतभाग्य योजना सुरू केली. या योजनेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु कवळीची गरज भासते ती दात गेल्यानंतर. दात टिकवण्याचे शास्त्र शिकलेल्या तज्ज्ञांना जिल्हा आरोग्य यंत्रणेत निश्चित स्थान मिळाले नाही, तर त्यांचे कार्य महाविद्यालयांच्या शिबिरांपुरतेच सीमित राहील आणि गावोगावच्या संस्थांना त्यांचा शोध स्वतःच घ्यावा लागेल.