दोष नळीचा की लाकडाचा?

एन.सी.सी.तर्फे चांदमारीला गेलेल्या जुन्या छात्रांना .३०३ ची ली-एनफील्ड रायफल आठवत असेल. ती मुळात लष्करी. परंतु इंग्लंडात बिस्ले येथे, जेथे १८९० पासून नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरत आल्या आहेत, तेथे हौशी नेमबाज ती आजही जपून वापरतात. अशा रायफलीच्या गोळ्या विखरू लागल्या, की सारा ठपका नळीवर येतो. माझे मत असे, की आधी लाकूड पाहावे.

क्रमांक ४ ची ली-एनफील्डच घ्या. तिची नळी मुळाशी लाकडावर पक्की टेकते आणि तोंडापाशी लाकूड तिला खालून चार-पाच पौंडांच्या जोराने वर रेटते. मध्ये कोठेही स्पर्श नको. गोळी सुटताना नळी थरथरते. ही थरथर दर वेळी सारखी असेल, तरच गोळ्या एका जागी पडतात. आषाढात आपली दारे चौकटीत अडकतात, तसे हे लाकूडही दमट हवेत फुगते आणि नळीला भलत्याच जागी टेकते. शिवाय बार उडाल्यावर मागे येणारा धक्का लाकडाच्या दोन कडा झेलतात. तेल मुरून त्यांतली एक मऊ झाली, की धक्का तिरपा बसतो.

यावर आज सर्रास इपॉक्सी भरतात. काम लवकर होते, ओल बाधत नाही, हे मान्य. नव्या रायफलीला ते शोभतेही. पण तेलकट लाकडाला इपॉक्सी नीट धरत नाही आणि मूळची बैठक कायमची जाते. जुन्या कारागिरांची रीत निराळी. धातूला काजळीचा पातळ हात द्यायचा, तो लाकडात बसवून काढायचा आणि नको तेथे डाग पडला असेल तर तेवढेच खरवडायचे. झिजलेल्या जागी कठीण लाकडाचा तुकडा जडवायचा. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्याला मऊ लाकूड वापरावे लागले, तेव्हा त्यांनी धक्क्याच्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या.

कारखान्यांतून या रायफली निघणे केव्हाच थांबले. म्हणून उद्याच्या कारागिराला पुन्हा उकलता येईल, अशीच दुरुस्ती आज करावी. वेळ लागेल, पण निदान निर्दोष नळी तरी भंगारात जाणार नाही.